फायटर माशाचे पर पुन्हा पुन्हा कुजतात, जखमा भरत नाहीत : सोलापूरच्या पाण्यात काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

दुकानात ज्याला सरसकट ‘फायटर’ म्हणतात, त्या बेट्टा माशाची एकच तक्रार गेली काही वर्षे माझ्याकडे फिरून फिरून येते. पर झडले, दुकानदाराने दिलेले निळे औषध घातले, पंधरा दिवसांत बरे वाटले आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मी पशुवैद्य नाही. घरात पाच टाक्या आहेत आणि शेजारपाजारची मंडळी बरण्या घेऊन दारात येतात, एवढाच माझा अधिकार. मात्र एकच दुखणे इतक्या वेळा निस्तरल्यावर माझे मत पक्के झाले आहे की आपल्या शहरात या माशाला औषध कमी पडत नाही. नळाला पाणी येण्याचे आपले वेळापत्रक त्याला आजारी पाडते. ते कसे, हे पुढे येईलच. आधी माशाला नेमके काय झाले आहे ते ओळखले पाहिजे, कारण साध्या जखमेवर रोगाचे औषध घालणे हीच सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

लक्षणे

मासा पाहण्याची योग्य वेळ रात्रीची. खोलीतला दिवा बंद करावा आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या बाजूने तिरपा धरावा. समोरून उजेड टाकला तर मासा बिचकतो आणि अंगावरची बारीक पूड दिसतही नाही.

पर सरळ रेषेत फाटला असेल, फाटलेली कड स्वच्छ असेल, रंग बदललेला नसेल आणि मासा नेहमीसारखा खायला वर येत असेल, तर ती जखम आहे. एका रात्रीत शेपटीचा चंद्रकोरीसारखा तुकडा नाहीसा झाला असेल, तर माशाने स्वतःच शेपूट चावली असण्याची शक्यता मोठी. लांब आणि जड शेपटीच्या हाफमून जातीत हे वारंवार दिसते. याउलट कड दातेरी, काळसर किंवा लालसर असेल आणि ती रेषा दिवसागणिक अंगाच्या दिशेने सरकत असेल, तर ते पर कुजणे, म्हणजे फिन रॉट, होय. इथे एक गंमत सांगून ठेवतो. पर बरा होऊ लागला की त्याच्या कडेला साबणाच्या फुग्यासारखा पारदर्शक, बिनरंगी पापुद्रा येतो. तो नवा पर असतो. त्यालाच बुरशी समजून औषधाचा दुसरा डोस घातल्याची निदान चार उदाहरणे मी पाहिली आहेत.

जखमेवर कापसाच्या बोंडासारखा मोकळा, तंतूतंतूंचा पुंजका दिसला तर ती खरी बुरशी. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी-पांढरा डाग दिसला आणि तो काही तासांत पसरू लागला, तर तो कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूसंसर्ग असू शकतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे सुटे पांढरे ठिपके म्हणजे इक. टॉर्चच्या तिरप्या उजेडात सोनेरी-तपकिरी पूड भुरभुरल्यासारखी दिसली तर वेल्वेट. हे दोन्ही परजीवींचे आजार आहेत आणि त्यांत मासा अनेकदा झाडाला किंवा दगडाला अंग घासतो. एक डोळा बाहेर आला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही डोळे बाहेर आले असतील तर दोष पाण्यात किंवा शरीराच्या आत आहे. शेवटचे आणि सर्वांत वाईट लक्षण वरून पाहिल्यावर कळते : पोट फुगलेले आणि खवले पिकत आलेल्या सीताफळाच्या डोळ्यांसारखे एकेक सुटे उभे राहिलेले. याला ड्रॉप्सी म्हणतात आणि ते बहुतेक वेळा मूत्रपिंड निकामी होत असल्याचे लक्षण असते.

पहिली तपासणी फुकटची : दिनदर्शिका

पाण्याला किंवा माशाला हात लावण्याआधी, मासा आजारी दिसलेल्या तारखा आणि टाकीतले पाणी बदललेल्या तारखा शेजारी शेजारी लिहून काढाव्यात. आमच्या गल्लीत एका काकूंकडचा निळा नर वर्षभरात तीनदा माझ्याकडे आला. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या भिंतीवरची दिनदर्शिका मागून घेतली, कारण त्या दुधाच्या हिशेबाशेजारीच नळ आल्याची खूण करत असत. तिन्ही वेळा नळ आल्यानंतर दोन-तीन दिवसांत माशाने पर मिटून घेतले होते. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येते. त्या दिवशी घरातली प्रत्येक घागर, पिंप आणि बादली धुऊन भरली जाते आणि त्याच झपाट्यात माशाची बरणीही घासूनपुसून, सगळे जुने पाणी ओतून, ताज्या नळाच्या पाण्याने भरली जाते.

यात एकाच तासात तीन आघात होतात. उजनीहून येणारे पाणी शुद्ध करताना त्यात क्लोरीन घातलेला असतो. तो माणसाला निर्धोक असला तरी माशाचे कल्ले आणि अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर जाळतो. तापमान एकदम बदलते. आणि बरणी, खडे, फिल्टरचा स्पंज हे सगळे नळाखाली चोळून धुतल्यामुळे माशाच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू मरतात. ते पुन्हा पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे दर पाच दिवसांनी आपण ते घर मोडतो आणि नव्याने बांधायला लावतो. थर गेलेल्या अंगावर, अमोनियाच्या पाण्यात, पराची किरकोळ चीरही कुजते.

उपाय खर्चाचा नाही. नळ आलेल्या दिवशी माशासाठी १५-२० लिटरचे वेगळे पिंप भरावे, तोंडाला सुती फडके बांधावे आणि निदान २४ तास तसेच ठेवावे. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी क्लोरीन बाटलीवरील प्रमाणात घालावे. मग पुढचा नळ येईपर्यंत त्याच पिंपातून एक दिवसाआड टाकीतले पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. संपूर्ण पाणी एका वेळी बदलू नये. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. फडके बांधायला विसरू नये, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेले कर्मचारी पिंप ओतायला लावतात. (स्वच्छ पाण्यातल्या त्याच अळ्या फायटरचे आवडते खाद्य आहेत, पण हा युक्तिवाद तपासणीच्या वेळी चालत नाही, अनुभव आहे.)

दुसरी तपासणी : तापमान

या माशाला २५ ते २८ अंश सेल्सिअसचे स्थिर पाणी मानवते. साधा थर्मामीटर स्वस्त असतो आणि तो घेतल्याशिवाय पुढची एकही पायरी करू नये. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, हे आपण सगळे जाणतो. तेच पाणी अंदाजाने बरणीत ओतले जाते. डिसेंबर-जानेवारीत, साधारण गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, उलटे घडते. दिवसा ऊन असते म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण रात्री दोन लिटरच्या बरणीतले पाणी खोलीइतकेच गार होते. पाणी गार झाले की माशाची पचनशक्ती आणि रोगाशी झुंजण्याची ताकद दोन्ही मंदावतात. इकचे ठिपके मी आमच्याकडे बहुतेक थंडीतच पाहिले आहेत.

नवे पाणी आणि टाकीतले पाणी यांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. हिवाळ्यात २० लिटरच्या टाकीला २५ वॉटचा, तापमान आपोआप राखणारा हिटर पुरतो. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावावा. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरते. बर्फाचे तुकडे टाकू नयेत. पंख्यासाठी झाकण काढावे लागते आणि फायटर उडी मारतो, म्हणून वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधावी. जमिनीवर सापडलेला मासा मेलाच आहे असे समजू नये : हवेतून श्वास घेणारा लॅबिरिंथ नावाचा अवयव त्याच्या डोक्यात असतो, त्यामुळे अंग ओले राहिले तर तो बराच वेळ तग धरतो. हात ओले करून त्याला उचलावे, टाकीत सोडावे, दिवा बंद ठेवावा आणि दोन दिवस फक्त निरीक्षण करावे.

तिसरी तपासणी : टाकीतले सामान

जखमा वारंवार होत असतील तर टाकीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून तिच्यावरून जुनी रेशमी किंवा नायलॉनची ओढणी हलकेच फिरवावी. जिथे धागा अडकतो तिथे पर फाटणार. प्लॅस्टिकची झाडे, किल्ल्याच्या खिडक्यांच्या कडा आणि कोरीव दगड हे नेहमीचे आरोपी. फिल्टरचे शोषणारे तोंड उघडे असेल तर त्यावर स्पंजचा तुकडा बसवावा. दोन नर एकमेकांना दिसतील अशा बरण्या शेजारी ठेवल्या असतील तर मध्ये पुठ्ठा लावावा. दिवसभर कल्ले फुगवून परस्परांवर धावणारा मासा दमतो आणि काचेवर आपटतो. मादी सोबत ठेवली असेल तर ती आजच वेगळी करावी.

चौथी तपासणी : अमोनिया, टीडीएस नव्हे

इथे थोडा पैसा लागतो. अमोनिया आणि त्यापासून बनणारा नायट्राइट मोजणारे, थेंब टाकून रंग जुळवण्याचे किट घ्यावे. बरेच जण घरातल्या फिल्टरचा टीडीएस मीटर बुडवून ‘पाणी चांगले आहे’ म्हणतात. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, अमोनियाबद्दल काहीही सांगत नाही. किटवर अमोनिया आणि नायट्राइट या दोन्हींचे आकडे शून्य असावेत. अमोनिया ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) जरी दिसला तरी त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदलावे.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. ते पाणी बहुधा जड असते आणि त्याचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असू शकतो. अमोनियाचा जो भाग विषारी असतो, त्याचे प्रमाण सामू ७ वरून ८ वर गेला की सुमारे दहापट होते आणि पाणी तापले की आणखी वाढते. म्हणूनच एकाच आकाराच्या बरणीत, एकाच निष्काळजीपणाने ठेवलेला मासा दुसऱ्या गावी तगतो आणि आपल्याकडे मे महिन्यात त्याचे पर गळतात. जडपणा स्वतः फायटरला फारसा बाधत नाही. सामू खाली आणण्यासाठी लिंबू, व्हिनेगर असे घरगुती प्रयोग करू नयेत, कारण तो पुन्हा उसळतो आणि ती चढउतार माशाला अधिक जाचते. उन्हाळ्यात आटलेले पाणी नुसते भरत राहिले तर क्षार साठत जातात, तेव्हा भरण्याबरोबर बदलणेही हवे.

अमोनिया सतत येत असेल तर बहुतेक वेळा दोनच कारणे असतात : टाकी लहान आणि खाणे जास्त. निदान १५-२० लिटरची टाकी आणि मंद स्पंज फिल्टर असावा. खाणे दिवसातून एकदा-दोनदा, प्रत्येक वेळी तीन-चार दाणे. फुगलेले पोट असेल आणि खवले मात्र बसलेले असतील, तर आधी दोन-तीन दिवस उपास घडवावा. ते बद्धकोष्ठ असते.

मीठ, आणि मग औषध

वरचे सगळे दुरुस्त केल्यावर स्वच्छ कडेच्या जखमा बहुधा कोणत्याही औषधाविना भरतात. आठवड्या-दोन आठवड्यांत तो पारदर्शक पापुद्रा दिसू लागतो. देशी बदामाचे वाळून आपोआप गळालेले पान धुऊन टाकीत ठेवावे. पाणी चहाच्या रंगाचे होते, त्यातील टॅनिन सौम्य जंतुरोधक असते आणि मासाही शांत राहतो. रस्त्याकडेच्या, फवारणी झालेल्या झाडाचे पान घेऊ नये.

पर कुजत असतील किंवा बुरशी असेल तर मासा पाच लिटरच्या स्वच्छ, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवावा आणि तापमान तेवढेच राखावे. मुख्य टाकीत औषध घातले तर उपयुक्त जिवाणू आणि झाडे मरतात आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पाच लिटरला एक सपाट चहाचा चमचा जाडे मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत घालावे. डब्यात फिल्टर नसल्यामुळे रोज निम्मे पाणी बदलावे आणि जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्याच्या हिशेबाने मीठ घालावे. मीठ वाफेबरोबर उडत नाही, हे विसरून रोज पूर्ण चमचा घालणारे लोक माशाला लोणच्यात घालतात. दहा दिवसांपलीकडे मीठ चालू ठेवू नये.

चार दिवसांत कड पुढे सरकणे थांबले नाही, किंवा कापसासारखा पुंजका वाढला, तरच मिथिलीन ब्लूकडे, म्हणजे दुकानातल्या त्या निळ्या औषधाकडे, वळावे. बुरशीवर ते उपयोगी आहे, आत शिरलेल्या जिवाणूंवर फारसे नाही. प्रमाण बाटलीवरचेच घ्यावे. हातावर आणि फरशीवर पडलेला डाग निघत नाही, म्हणून डबा मोरीत ठेवावा. इकसाठी पाणी एका दिवसात एक अंश या गतीने २९-३० पर्यंत नेऊन शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर तसेच ठेवावे, कारण अंगावर चिकटलेल्या परजीवीला औषध लागू पडत नाही. तो सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो. मात्र कॉलमनॅरिसची शंका असेल तर पाणी तापवू नये, तो जिवाणू उष्णतेत अधिक झपाट्याने वाढतो. एक डोळा बाहेर आलेल्या माशासाठी औषधाच्या दुकानातले एप्सम सॉल्ट, पाच लिटरला अर्धा सपाट चहाचा चमचा, सूज उतरायला मदत करते.

घरातल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकणे हा प्रकार तेवढा बंद करावा. हे औषध जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधले जाते, त्यामुळे आपल्या बोअरच्या पाण्यात त्याचा मोठा भाग वायाच जातो. उरते ते अर्धवट प्रमाण, ज्याने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. दोन औषधे एकत्रही करू नयेत.

कुठे थांबावे

पांढरा डाग २४ तासांत दुप्पट झाला, जखमेत लाल मांस किंवा खड्डा दिसू लागला, कुजणे पराच्या मुळापर्यंत पोहोचले, दोन्ही डोळे बाहेर आले, मासा पाच दिवस काहीच खात नाही, किंवा एकामागून एक मासे मरू लागले, तर घरचे उपचार तिथेच थांबवावेत. पुढचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय घेता येत नाही आणि प्रतिजैविक कोणते, किती दिवस, हे पशुवैद्यानेच ठरवायचे असते. सगळे पशुवैद्य मासे पाहत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारावे. आपल्याला तुलनेने जवळ असलेल्या उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथेही विचारणा करता येते. जाताना मासा त्याच्याच पाण्यात न्यावा, त्या पाण्याचा अर्धा लिटर नमुना वेगळ्या बाटलीत घ्यावा आणि घातलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, प्रमाण, तारीख कागदावर लिहून न्यावी.

खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो, हे मी लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो. त्याला शांत, कोमट, उथळ पाण्यात ठेवावे आणि त्रास संपवायचा असेल तर तेही पशुवैद्याला विचारूनच. जिवंत मासा शौचकूपात टाकणे किंवा सिद्धेश्वर तलावात सोडून देणे, दोन्ही करू नये. दुसऱ्यात रोग तलावातल्या माशांपर्यंत जातो.

एक तपासणी माणसाची. मासा दिवसेंदिवस खंगत असेल, पाठ वाकली असेल आणि न भरणारे व्रण असतील, तर माशांचा क्षय असू शकतो, आणि त्याचा जिवाणू माणसाच्या हातावरच्या चिरेतून आत शिरतो. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, पाणी ओढण्यासाठी नळीला तोंड लावू नये. बोटावर किंवा मनगटावर आठवड्यांनंतरही न बसणारी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि घरात मासे पाळतो हे आपणहून सांगावे, कारण ते सांगितले नाही तर डॉक्टरांचे लक्ष तिकडे सहसा जात नाही. अशा टाकीतले खडे, स्पंज आणि झाडे टाकून द्यावीत. जाळी दुसऱ्या टाकीत वापरू नये. मी प्रत्येक टाकीच्या जाळीच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला आहे.